साकवाचा जामीन

मु. वाडी, वेल्ह्याच्या वर
८ जानेवारी १९३६

चि. ज्ञानू यास गेनबाचे अनेक आशीर्वाद. वि. वि. इकडे आम्ही सगळी बरी आहोत. तुझा खोकला कसा आहे ते लिहीत जा, आणि भोरला नदीवर भल्या पहाटे आंघोळीला जायची हौस आता पुरे कर.

पत्रास कारण की, ओढ्यावर दगडी कमानीचा साकव बांधायचे अखेर ठरले. गेल्या श्रावणात धोंडाबाई बाळंतपणात अडली आणि पाण्यामुळे तिला वेल्ह्यास नेता आले नाही, तेव्हापासून गाव हेच बोलत होते. सुगीत घरटी भात काढून निधी उभा केला. पंचांनी मला मुख्य नेमले आहे. हसू नकोस, चौथीपर्यंत शिकलेला इथे मी एकटाच, एवढेच त्याचे कारण.

बांधकामाचा मक्ता आपल्या चंद्राच्या नवऱ्याला, चिमाजीरावांना, द्यावा असे मनात आहे. त्यांनी गवंड्यांच्या हाताखाली आठ वर्षे काढली आहेत. हाताला काम नाही म्हणून सासरी जावा बोलू लागल्या आणि चंद्रा माहेरी आली, त्याला दीड वर्ष झाले. भावांच्या घराला ती जड नाही. पण शेजारच्या लेकी सासरी निघाल्या की ती गोठ्यात जाऊन बसते, आणि ते मला बघवत नाही. हे काम मिळाले तर वेगळे बिऱ्हाड करून तिला नेतो असे चिमाजीरावांनी कबूल केले आहे. तू वकीलसाहेबांकडे कागद लिहितोस, तर करार कसा करावा ते कळव.

वहिनीने पाठवलेले कुळीथ नीट निवडून घे, नाहीतर खडे चावशील आणि नाव तिला ठेवशील. माया आहेच, पत्राने ती ताजी ठेवावी.
गेनबा

भोर
१६ जानेवारी १९३६

ती. स्व. दादांच्या सेवेशी ज्ञानूचा शि. सा. नमस्कार. वि. वि. पत्र पोचले, कुळीथही पोचले. खडे दोनच निघाले, वहिनींना सांगू नये.

दादा मुख्य पंच झाले हे वाचून मी वकीलसाहेबांना चहा पाजला. पण थट्टा पुरे. आमच्या कचेरीत पडक्या बांधकामांचे कागद मी इतके उतरवले आहेत, की दोन गोष्टी हात जोडून सांगतो.

पहिली, मक्तेदाराला जामीन घ्या. तो अर्ध्यावर सोडून गेला किंवा बांधलेले पडले, तर जामीनदाराने ते आपल्या पदरचे घालून पुरे करायचे. जामीन जमीनवाला हवा, आणि परका हवा. चिमाजीराव घरचे, म्हणून सैल सोडू नका. घरचे म्हणूनच गाठ जास्त घट्ट मारा.

दुसरी, मजुरांचा विमा. पुण्याच्या एका कंपनीचा छापील कागद सोबत आहे. त्यात प्रत्येक मजुराचे नाव, अंगठा आणि तो कामावर दगावला तर पैसे कोणाला द्यायचे, हे भरायचे. हप्ता मक्तेदाराने द्यायचा. दोन्ही कागद झाल्याशिवाय पायाचा दगड बसवू नका.

चंद्राला म्हणावे, बिऱ्हाड मांडलेस की पहिली भाकरी मला. आपली छाया अशीच राहावी.
ज्ञानू

वाडी
२० फेब्रुवारी १९३६

चि. ज्ञानू यास आशीर्वाद. वि. वि. तू सांगितल्याप्रमाणे दोन्ही गोष्टी केल्या, पण आमच्या पद्धतीने.

जामिनासाठी पाच गावे फिरलो. चिमाजीरावांचे नाव काढले की जो तो बैलांना पाणी दाखवायला उठतो. शेवटी चिमाजीरावांनी मेंगाईच्या देवळात बेलभंडारा उचलून साकव पुरा करीन अशी शपथ घेतली. देवीसमोर शपथ झाल्यावर आणखी परका जामीन मागायचा, म्हणजे देवीवर भरवसा नाही म्हटल्यासारखे. तरी तुझे मन राखावे म्हणून जामीन मीच राहिलो. ओढ्याकाठचे भाताचे खाचर लिहून देतो. पंच खूश झाले. मुख्य पंचच जामीन म्हटल्यावर आणखी काय हवे, असे सोनबा गाडे सगळ्यांदेखत म्हणाला. तो कामावर मजूर म्हणून लागला आहे.

विम्याच्या कागदावर मात्र कोणी अंगठा देईना. सोनबाची बायको साळूबाई तर चावडीवरच म्हणाली, की आमचा धनी जित्ता हाय, त्याच्या मरणाचं पैसं म्या आत्ताच कुणाला मागू. तिचे चुकले असे मला वाटेना. विमा म्हणजे कंपनीला दिलेली राखणच ना? ती आम्ही ओढ्याच्या राखणदाराला दिली. बोकड, नारळ, सगळे रीतीने झाले. तुझा कागद देव्हाऱ्यामागे जपून ठेवला आहे.

कराराचा मसुदा सोबत आहे. सुवाच्य अक्षरात उतरवून, कचेरीचा शिक्का घेऊन धाडावा. चंद्राने भांडी राख लावून आरशासारखी केली आहेत. बऱ्याच दिवसांनी ती जात्यावर ओव्या म्हणते. वहिनी म्हणते, आता पीठही मऊ येते.
गेनबा

भोर
२ मार्च १९३६

ती. स्व. दादांस ज्ञानूचा सा. न. वि. वि. मी हसेन असे तुम्हाला वाटले असेल. हसलो नाही.

दादा, मागणारा एक आणि देणारा दुसरा असला तरच जामीन. तुम्ही पंच म्हणून मागणार आणि जामीन म्हणून देणार. कमान पडली तर तुम्ही कोणाच्या दारात जाणार? राखणदाराचा मी अवमान करत नाही, पण तो साळूबाईच्या घरी दाणे घेऊन येणार नाही. वकीलसाहेबांनी मसुदा वाचला आणि हा कागद लिहू नकोस म्हणून बजावले.

दोन दिवस मी तो लिहिला नाही. मग बाजाराला आलेल्या वाडीच्या लोहाराबरोबर चंद्राचा निरोप आला. दादांनी तिला चूल घडवायला माती आणून दिली आहे, ज्ञानूदादाने कागद अडवू नये, एवढाच निरोप होता. मी कागद लिहिला. चांगल्या अक्षरात लिहिला. सोबत धाडला आहे.

विम्याचे अजून जमेल. अंगठे घेऊन धाडा, हप्ता मी माझ्या पगारातून भरतो. एवढे माझे ऐकावे, दुसरे काही मागत नाही.
ज्ञानू

वाडी
३ जून १९३६

चि. ज्ञानू यास आशीर्वाद.

साकव पडला. सोनबा गेला.

कमान जुळून दहा दिवस झाले होते. खालचे लाकडी टेकू महिनाभर काढायचे नाहीत, चुना आत ओला असतो, हे चिमाजीरावच सगळ्यांना सांगत. पण टेकूंची लाकडे दुसऱ्या गावाहून मागून आणलेली. पाऊस तोंडावर आला तशी धन्याने आपल्या गोठ्यासाठी ती परत मागितली. चिमाजीरावांनी शब्द दिलेला, तो मोडवेना, म्हणून टेकू काढायला लावले. तिसरा टेकू सोनबा काढत होता. दगड उचलून त्याला बाहेर काढीपर्यंत त्याच्यात काही उरले नव्हते.

चिमाजीराव त्याच दिवशी कोणाला न सांगता गेले. त्या दोघांच्या नव्या खोपटात चुलीवर कालवण तसेच होते. चंद्रा दारात बसून राहिली होती. चल म्हटले तर उठली.

तुझा विम्याचा कागद देव्हाऱ्यामागून काढून पाहिला. कोराच आहे. अंगठे घ्यायला पुन्हा कोणाच्या दारी मी गेलोच नाही. तू दोनदा लिहिलेस. लाज वाटली मला, ज्ञानू, मजुरांना मरणाचे विचारायची लाज. आता साळूबाईसमोर उभा राहतो तेव्हा ती काहीच विचारत नाही. विचारले असते तर बरे झाले असते.
गेनबा

भोर
२८ सप्टेंबर १९३६

ती. स्व. दादांच्या चरणी ज्ञानूचा सा. न. वि. वि.

कंपनीला तीन पत्रे घातली. ज्याचा अंगठा नाही त्याचा विमा नाही, असे उत्तर आले. ते बरोबरच आहे. चिमाजीरावांचा तपास फलटणपासून पनवेलपर्यंत केला. कोणी पाहिलेले नाही.

पुढचे लिहायला आठ दिवस लागले. बाकीचे चार पंच दहा दिवसांमागे आमच्याच कचेरीत आले. गावाने भात देऊन उभा केलेला निधी बुडाला, साकव नाही, तेव्हा जामीनदाराच्या खाचरातून भरपाई मिळावी असा दावा त्यांना लावायचा आहे. त्यांतले थोरले माझ्याकडे न बघता बोलत होते. ते माझे मामेसासरे, त्यांनाही जड गेले असेल. वकीलसाहेबांनी मला बाहेर जा म्हटले. दुसऱ्या कारकुनाकडून लिहवून घेतो म्हणाले. मीच बसलो. करार माझ्या हाताचा, त्यातली खोट मला ठाऊक असून लिहिलेला. दावा दुसऱ्याने लिहिला म्हणून मी सुटत नाही.

दावेदारांत मुख्य पंचाचे नाव घालायचे की नाही, यावर अडलो. तुम्हीच तुमच्यावर दावा लावल्यासारखे झाले असते. वकीलसाहेबांनी ते नाव काढून टाकले.

कोर्टात उभे राहून दावा नाकारू नका, दादा. खोटे काही लिहिलेले नाही. माझ्या तोंडाकडे पुन्हा बघावेसे वाटले तर कळवा, येईन.
ज्ञानू

वाडी
२० नोव्हेंबर १९३६

चि. ज्ञानू यास अनेक आशीर्वाद. वि. वि. दिवाळीआधी बेलीफ येऊन गेला. भला माणूस, पायरीवर बसून पाणी प्यायला. नोटीस उघडताच तुझे अक्षर ओळखले. दावा मी कबूल केला आहे. खाचर जाईल. तुझ्यावर राग नाही. यापुढचे कागदही तूच लिहावेस, परक्याचे अक्षर मला नीट वाचता येत नाही.

चंद्राचे तू विचारले नाहीस, भिऊन विचारले नसशील. आश्विनापासून ती साळूबाईच्या घरी राहते. मी न्यायला गेलो, वहिनी गेली, आली नाही. दिवसभर साळूबरोबर भात कापते, पोरांना जेवू घालते. साळूने तिला ये म्हटले नव्हते, जा पण म्हटले नाही. दोघी एकमेकींशी फारशा बोलत नाहीत असे शेजारीण सांगते. साळूचे कपाळ पांढरे, आणि चंद्रा कुंकू लावते, पण चिमाजीराव जिवंत आहेत की नाही हे तिला कोणी सांगू शकत नाही.

भाऊबीजेला लुगडे घेऊन गेलो. चंद्रा अंगणात कणसे झोडत होती. उठली नाही. म्हणाली, की ह्या घरातला माणूस आपल्या घरामुळं गेला, हितं बसून भावाला ओवाळायला माझा हात उठायचा न्हाई, दादा, तुमी जावा. साळूबाई आतून ऐकत होती. तीही बाहेर आली नाही.

लुगडे ओट्यावर ठेवून आलो. आज चार दिवसांनी तिकडून गेलो, तर घडी न मोडता तिथेच पडले आहे. वर धूळ बसली आहे. दोघींपैकी कोणी घरात नेले नाही, की कोणी परत धाडले नाही.

थोरल्याने धाकट्याला आशीर्वाद द्यायचे असतात म्हणून लिहितो. ते घे.
गेनबा