चोकची तार गरम का होते

७ सप्टेंबर २००३, रविवार

पिंपळगावचं मार्केट, एकोणऐंशी साल असावं. व्हॅन रिकामी करून आम्ही दोघं मागच्या दारात पाय सोडून बसलो होतो. जीवन शर्टाच्या टोकाला द्राक्षं पुसून एकेक माझ्या हातावर ठेवत होता. आंबटढाण! मी तोंड वाकडं केलं की हसायचा. बस, एवढंच. त्या दिवशी बाकी काही घडलं नाही. आज सकाळपासून तेच डोळ्यापुढे आहे.

(चारचौघांत 'हे' म्हणायचे. वहीत तरी जीवन.)

दुपारी हर्षल आणि सुवर्णा आली ओझरहून. मुलाचा विषय तोच – आई, मळ्यावर एकटी राहू नकोस, आमच्याकडे चल. रिक्षा इथवर येत नाही, उद्या काही झालं तर?

"गाडी आहे की," मी म्हटलं.

"ती? आई, त्यात साळूबाईंच्या कोंबड्या अंडी घालतात!"

हे खरं आहे. जीवन गेल्यापासून व्हॅन शेडमध्येच. दोन पावसाळे झाले.

शेवटी हर्षल म्हणाला, "ठीक आहे. खंडेनवमीला ही गाडी झेंडू घेऊन मार्केटला गेली आणि आपल्या चाकांवर परत आली, तर मी पुन्हा शब्द काढणार नाही. नाही गेली तर ती भंगारात आणि तू ओझरला. कबूल?"

"कबूल," म्हणून बसले! सुवर्णा हळूच म्हणाली, "आई, विचार करून बोला हो." विचार कसला? हे घर, विहीर, शेवंतीचे वाफे सोडून तिसऱ्या मजल्यावर जाऊन काय करू?

९ सप्टेंबर

सीट उचलून इंजिन उघडलं. हवेच्या फिल्टरमध्ये उंदराचं घर – गोणपाटाचे धागे, कापूस, माझ्या जुन्या पोलक्याची चिंधी. उंदराची निवड चांगली. सगळं काढलं. टाकीतलं जुनं पेट्रोल पार बदललं, रॉकेलसारखा वास येत होता. प्लग काढून वायर ब्रशने घासले. हात काळे. जेवताना चमच्याने जेवले.

१२ सप्टेंबर

बॅटरी चार्ज करून आणली. किल्ली मारली – टक! नुसतं टक. पुन्हा टक.

शेजारच्या साळूबाई कुंपणावरून म्हणाल्या, "घड्याळ दुरुस्त करताय का वहिनी?"

१५ सप्टेंबर

पेठ नाक्यावरून वाल्मीक मेकॅनिक आला. इंजिनला पहिला फिरका देणारा सेल्फ खोलून नेला, नवे कार्बन टाकून परत बसवला. "काकू, गाडी माझ्याहून दोन वर्षांनी मोठी हाय, तिला अहो म्हणा," म्हणाला. किल्ली मारली आणि चालू! धूर, खडखड, कोंबड्या उडाल्या. मी अंगणात उभी राहून चक्क टाळ्या वाजवल्या.

१६ सप्टेंबर

टक.

१९ सप्टेंबर

वाल्मीक पुन्हा येऊन गेला. सेल्फ टेबलावर ठेवून बॅटरीला जोडला तर भिंगरीसारखा फिरतो. गाडीत बसवला की मरतो. बॅटरीही चांगली, दुसऱ्या गाडीला लावून बघितली. हॉर्न वाजवला की दिवे मंद होतात. दिवे लावले की वायपर थकतो. एकाला खायला दिलं की दुसरा उपाशी.

"काकू, वायरिंगच सगळी सडली असंल. पूर्ण बदलावी लागंल. दसऱ्यापर्यंत नाय व्हायचं."

नाय व्हायचं कसं? मी त्याला चहा दिला.

२१ सप्टेंबर

हर्षलचा फोन. "झाली का चालू?" आवाजात हसू होतं. मी म्हटलं, रेंज येत नाही. घरच्या फोनला!

२३ सप्टेंबर

खांदा दुखतोय. आज फक्त तारा पुसल्या.

२६ सप्टेंबर, घटस्थापना

घट बसवले आणि शेडमध्ये गेले. साळूबाईंची सून दीपमाला मदतीला आली. तिला ट्रॅक्टर येतो. सासू म्हणते, पोरीला चुलीपेक्षा स्टिअरिंग बरं. तिचा झेंडू यंदा दृष्ट लागण्यासारखा आलाय आणि तोही याच गाडीतून न्यायचं ठरलंय. तेव्हा गरज तिलाही आहे.

मी किल्ली मारली, तिने चोक ओढून धरला.

"आई गं!"

"काय झालं?"

"काकू, चटका बसला! ह्या दोरीला हात लावून बघा. लय गरम हाय."

दोरी म्हणजे चोकची तार. डॅशबोर्डवरून कार्बोरेटरपर्यंत जाणारी साधी तार, विजेशी तिचा काही संबंध नाही. हात लावला. खरंच, इस्त्रीसारखी!

वाल्मीकला फोन केला. "चोकमध्ये करंट नसतो काकू. उन्हानं तापली असंल." शेडमध्ये कसलं ऊन!

रात्री आरती झाल्यावरही डोक्यात तीच तार.

२७ सप्टेंबर

सापडलं!! क्रमाने लिहिते.

सकाळी देवापुढे बसले असताना कॉन्व्हेंटमधला विज्ञानाचा तास आठवला. सिस्टर बेनेडिक्टा टेबलावर सेल आणि बल्ब मांडायच्या, एक वायर सोडून द्यायच्या आणि इंग्रजीत विचारायच्या – बल्ब का लागत नाही? मी मनातल्या मनात मराठीत उत्तर द्यायचे: परत जायला रस्ता नाही म्हणून. बॅटरीतून निघालेली वीज बॅटरीत परत पोचली पाहिजे. आमच्या गाडीत ती इंजिनमधून लोखंडी बॉडीत आणि बॉडीतून बॅटरीत परत जाते. पण इंजिन बसलंय रबराच्या तुकड्यांवर! मग ती बॉडीत उतरते कुठून? कुठेतरी एक पट्टी असणार. तीच तुटली असेल तर बिचारी मिळेल त्या वाटेने जाणार – चोकच्या तारेतून! एवढ्याशा तारेतून सेल्फची सगळी वीज. तापणार नाही तर काय?

तशीच उठले. आरती करायची राहिली.

दीपमाला गाडीखाली सरकली. मी वरून विचारतेय, पट्टी आहे का? "हाय काकू, विणल्यासारखी हाय. तुटली नाय. बोल्टपण घट्ट हाय."

माझा धीरच खचला. मग म्हटलं, घट्ट असला तरी काढ.

बोल्ट काढला. पट्टीखाली रंग! नुसता रंग. लोखंड दिसेना.

मग लख्ख कळलं. फुलांवर पाणी मारून ओल्याच पाट्या गाडीत भरायची आमची पद्धत. तळ गंजू नये म्हणून दर खंडेनवमीच्या आधी जीवन गाडी रंगवायचा – वरून, आतून आणि खालूनसुद्धा. सगळं सोडवायचं, रंगवायचं, पुन्हा आवळायचं. वर्षानुवर्षं. ती पट्टी रंगावर बसत गेली. बोल्टच्या आट्यांतून कसंबसं काम भागत होतं, दोन पावसाळे उभी राहिल्यावर त्या आट्याही गंजल्या.

पॉलिश पेपर घेऊन मीही गाडीखाली गेले. दीपमाला म्हणाली, "काकू, मी करते ना." नको म्हटलं. घासत गेले, एकेका रंगाचे कितीतरी थर. वरचा पांढरा – जीवनचा शेवटचा दसरा. खाली हिरवा – सुवर्णा लग्न होऊन आली ते वर्ष. त्याखाली निळा, हर्षल दहावीत होता, त्यानेच डबा निवडला होता. मग केशरी. मग आमचा पहिला पिवळा. हात थांबला. पिवळा काढवेना.

इतकी जपली म्हणून बंद पडली! आधी हसू आलं, मग गाडीखाली उताणी पडून चांगली रडले. दीपमाला शहाणी, चहा आणते म्हणून निघून गेली.

मग पिवळाही काढला. खाली रुपयासारखं लखलखीत लोखंड.

पट्टी आवळली. किल्ली. टक नाही! एका झटक्यात चालू! चोकची तार गार. बंद करून पुन्हा मारली – चालू. हॉर्न, दिवे, वायपर, सगळं एकदम लावलं. साळूबाई धावत आल्या, "लग्न हाय का कुणाचं?"

४ ऑक्टोबर, खंडेनवमी

पहाटे गाडीची पूजा, हार, नारळ. मागे माझा आणि दीपमालाचा झेंडू खच्चून. स्टिअरिंगवर मी, शेजारी दीपमाला. मखमलाबाद नाका, पंचवटी, मार्केट. गर्दी ही! फुलवाल्या नवसाबाईंनी हात जोडले, "वहिनी, दादांची गाडी बघून जीवच धडधडला की हो!" फुलं हातोहात गेली.

हर्षल घरी येऊन बसला होता. गाडी अंगणात शिरताना उभा राहिला. "हरलो," म्हणाला आणि पाया पडला. "आता विषय बंद. राहा तू इथेच." त्याचे डोळे भरले होते, बापासारखे.

येताना एक झालं. गंगापूर रोडच्या वळणावर डावीकडून भाजी लादलेला एक सायकलवाला गाडीवरच आला. घासला, पडला. देवाची कृपा, खरचटलंही नाही. "म्हातारे, दिसत नाय का?" असं म्हणाला. दीपमालाने त्याला भाजीसकट उचलून उभं केलं. ब्रेक डावीकडे ओढत असावेत. वाल्मीकला बोलावते. हर्षलला सांगितलं नाही.

६ ऑक्टोबर

वाल्मीकने चारही चाकं काढून ब्रेक बघितले. उत्तम. स्टिअरिंगही बघितलं. उत्तम. डावीकडचा आरसा मी स्वतः पुसला, बसवला, बसून बघितला. दीपमालाला विचारलं, खरं सांग, तो अचानक आला का? ती पाने पेटीत भरू लागली. "नाय काकू. तो लांबून दिसत होता. मला वाटलं तुम्ही थांबताय."

ती गेल्यावर गाडीतच बसून राहिले. विहिरीवरच्या खांबाकडे बघत डावा डोळा झाकला. खांब आहे. उजवा झाकला.

खांब नाही. विहीरही नाही. नुसतं दूध सांडल्यासारखं.

गाडीत काही दोष नाही.

८ ऑक्टोबर

हर्षलला मीच फोन केला. रविवारी ओझरला राहायला येते म्हटलं. तो म्हणाला, "पण आई, तू जिंकलीस ना?" हो, जिंकले. म्हणून तर आपल्या पायाने येते.

व्हॅन दीपमालाच्या नावावर करायची. साळूबाईंच्या मुलाच्या नाही, दीपमालाच्याच. पान्यांची पेटीही तिला. शेवंतीचे वाफे साळूबाईंना, पाणी आपल्याच विहिरीचं. जीवनचं घड्याळ हर्षलला. चांदीची परडी सुवर्णाला. मला खंडेनवमीच्या दिवशी मार्केटला जाता-येता पुढची डावीकडची सीट.