जांभळीखालचं गवत

प्रिय बाबा,

आज सकाळी जांभळीखालचं गवत पहिल्यांदा कापलं. आपल्या बोरिवलीच्या मैदानातल्या त्याच जांभळीखाली, जिथे तुम्ही नोकरीभर हरळी लावलीत आणि दरवर्षी ती मेली. म्हणून लिहितेय.

तुम्ही गेल्यावर माळीकाम माझ्याकडे आलं. महिन्याभरात मैदानाच्या कमिटीने बोलावलं. जांभळीखालच्या टकलाचे फोटो टेबलावर होते. सेक्रेटरी म्हणाले, "ताई, सगळीकडे प्लास्टिकचं गवत टाकू. पाणी नको, कापणं नको." माळीही नको, हे ते बोलले नाहीत.

मी विचारलं, "मग गणपतीला दुर्वा कुठल्या वाहणार? प्लास्टिकच्या?"

त्यांच्याच घरच्या बायका कुंपणालगतच्या हरळीतून दुर्वा खुडतात ना! तुम्ही गणपतीआधी आठ दिवस तिथे मशीन फिरवायचा नाहीत, हेही त्यांना ठाऊक. शेवटी म्हणाले, गणपतीपर्यंत टक्कल भरून दाखवा, नाहीतर प्लास्टिक.

आता खरं बोलू? ते टक्कल तुमच्यामुळे होतं, बाबा.

किती वेळा सांगितलं, हरळीला ऊन लागतं, सावलीत ती तग धरत नाही. तुमचं एकच, "हरळी मरता काय गो खंय?" आजोबांचा जन्म गावच्या शेतातली हरळी उपटण्यात गेला, तुमचा ती लावण्यात. ती मरते हे तुम्हाला पटणार कसं? सुजलेले गुडघे घेऊन चिखलात बसायचात, पुन्हा त्याच कांड्या रोवायचात. मी रागाने आठवडाभर अबोला धरला होता, आठवतंय? चुकलंच माझं. अबोला कसला धरायचा, कडकडून भांडायला हवं होतं. तुमचे गुडघे तरी वाचले असते.

यंदा पाऊस धरल्यावर मी गोराईला गेले, माझ्या शाळेतल्या मैत्रिणीकडे. तिच्या माडांखाली रुंद पानाचं गवत आहे, सावलीत पसरणारं. तुम्ही त्याला गुरांचा चारा म्हणून नाक मुरडायचात. तेच दोन गोणी भरून बोटीतून आणलं. लावलं मात्र तुमच्याच रीतीने. माती भुसभुशीत केली, कांडी आडवी दाबली, शेंडा वर ठेवला. भोवती दोरी बांधली. फुटबॉलवाल्यांनी यथेच्छ शिव्या दिल्या, मीही दिल्या. दोरी सोडली नाही.

आज कापून झाल्यावर सेक्रेटरी आले. वाकले आणि मूठभर गवत जोरात ओढलं. पानं हातात आली, मूळ जागचं हललं नाही. हात पँटला पुसत म्हणाले, "राहू दे मग."

मी थँक्यू म्हटलं नाही. कशाला म्हणू?

कुंपणालगतची तुमची हरळी आहे तशीच आहे. गणपती आठ दिवसांवर आलेत, तेव्हा उद्यापासून तिथे मशीन बंद. पहिली जुडी मी खुडेन, तुमच्या नावाने.

शब्द देते, मी आहे तोवर या मैदानात प्लास्टिक येणार नाही. आणि जांभळीखाली तुमची हरळीही पुन्हा लागणार नाही. रागवायचं तर खुशाल रागवा. या वेळी मी अबोला धरणार नाही, भांडेन.

तुमची हट्टी,
शुभांगी