राक्षसाच्या मुकुटाचे लाइट

कोरपना, रविवार

प्रिय लटारूभाऊले चंचलचा नमस्कार.

मी बरी आहो. आई गुडघ्याले तेल लावते का?

नाटकातल्या तुह्या राक्षसाच्या मुकुटाले लाइट बनवले. दोन लाल एलईडी, एक लहानसं सर्किट अन् एक बॅटरी. एक विझला का दुसरा लागते.

पण ते बनवताना एक गोष्ट झाली. घरमालकीण सुगंधाबाईनं माह्या टेबलावर वायरं पाहिले अन् पोलीस पाटलाले बोलावून आणलं. दोघंही दारातच थांबले.

"पोरगी गडचिरोलीची, अन् हे बॅटरी-वायर कायचे?" बाई म्हणे.

"बटन तूच दाब, आमी इथूनच पाहतो," पाटील म्हणाले.

बटन दाबलं तर काईच झालं नाई, वायर सुटली होती. बाई आणखी मागं सरकली. मंग वायर जोडली, तसे लाइट लुकलुकू लागले. पाटील हसले. बाई हसली नाई. "आज लाइट, उद्या काय बनवशील?"

तवापासून कामावरून आली का माहं सामान हललेलं दिसते. कुलपाची दुसरी चाबी बाईजवळच आहे.

लाइट पार्सलनं पाठवत नाई. वाटेत कोणी उघडून काय समजन, सांगता येत नाई. वडशाच्या पहिल्या प्रयोगाले मीच घेऊन येईन.

आईले यातलं काई सांगू नको. एवढंच म्हण, का चंचलची घरमालकीण तिच्यावर लय लक्ष ठेवते.

तुही बहीण,
चंचल