कोर्टात यायची गरज नाही

हेझल फोर्क, केंटकी
४ मार्च २०११

ति. ओलेटाताईस,
सा. न. वि. वि.

पत्रच लिहितेय, कारण फोन उचलणं सोडलंय. डेल्बर्ट गेल्यापासून फोन वाजतो तो वसुलीवाल्याचाच. कधी नावही न ऐकलेल्या कंपनीने माझ्यावर दावा लावलाय. म्हणे, फर्निचरच्या दुकानाचं कार्ड मी थकवलं. ताई, आमच्या घरातली खुर्ची न् खुर्ची डेल्बर्टने स्वतः रंधा मारून केलेली!

त्यांचा तो वसुलीवाला पोरगा मात्र गोड बोलतो. कागदावर सही करा, थोडे थोडे फेडा, कोर्टात यायची गरज नाही, म्हणतो. जेवलात का, असंही विचारलं त्याने. खरं सांगू, बरं वाटलं. बऱ्याच दिवसांत कुणी विचारलं नव्हतं. सही करून मोकळी होऊ का?

तुझी पाठ कशी आहे? डेल्बर्टला पुरताना वाट पाहिली तुझी.

माया आहेच, तिला अंतर देऊ नकोस.
तुझी,
वर्ना

टोलेडो, ओहायो
११ मार्च

चि. वर्नास,
अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा.

खबरदार सही केलीस तर! मलाही असाच फोन आला होता. यायची गरज नाही म्हणाले, मी गेले नाही. माझ्यामागे एकतर्फी निकाल लागला. आता शाळेच्या स्वयंपाकघरातल्या माझ्या पगाराला दर वेळी कात्री लागते. पाठ धडधाकट आहे गं, ते नुसतं निमित्त होतं. तुझ्या नवऱ्याच्या मातीला यायला बसच्या भाड्याला पैसे नव्हते, आणि सांगायची लाज वाटली.

राज्याच्या ग्राहक कचेरीत तक्रार लिही. कोर्टात जा. माझी सही दाखवा म्हणावं.

रागावली असलीस तरी लिहीत जा.
तुझी,
ओलेटा

हेझल फोर्क
२० एप्रिल

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

तक्रार केली आणि कोर्टातही गेले. बाकं रिकामीच होती. शिपाई एकेक नाव पुकारत होता, उत्तर येत नव्हतं, आणि जज्ज एकतर्फी निकालाचे शिक्के मारत होते. आपल्या चर्चमधल्या म्हाताऱ्या मिसेस कॉडिलचंही नाव असंच पुकारलं गेलं. त्या घरी बसून असतील, त्या पोराच्या शब्दावर.

माझा पुकारा झाला तेव्हा मी उभी राहिले. जज्जांनी चष्म्यावरून पाहिलं. वकिलाकडे माझी सही असलेला एक चिठोराही नव्हता. ते कार्ड माझ्याच नावाच्या भलत्याच वर्ना स्टिडहॅमचं निघालं. दावा फेटाळला. बाहेर आले, तर सांगायला कुणी नव्हतं. गाडीत बसून रडले. वाटेत मिसेस कॉडिलचं दार ठोठावून सगळं सांगितलं. त्यांनी कॉफी केली, आम्ही अंधार पडेपर्यंत बोलत बसलो.

तक्रार कचेरीतली बाई म्हणाली, तुझा एकतर्फी निकालही रद्द करून मागता येतो, तिकडे अर्ज दे. होईलच असं नाही म्हणाली. तू तारीख तेवढी कळव. बसने येते. बाकावर तुझ्या शेजारी मी बसेन.

राग कसला, वेडे? मला वाटायचं, एकटी मीच आहे.

भेटीपर्यंत जपून राहा.
तुझी,
वर्ना