कोपऱ्यांची साक्ष

मी, जयप्रकाश विठ्ठल धुमाळ, वय एकाहत्तर, राहणार करंजाडे, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. पत्नी जयमाला हिचा याबाबतचा अनुभव वेगळा असल्यामुळे डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहता फ्लॅट आणि बँकेतली शिल्लक जयमालाला. तिच्या पश्चात मुलगी मनाली हिला. यावर कोणी वाद घालू नये.

२. काडेपेट्यांवरच्या लेबलांचा माझा संग्रह मनालीला. अट एकच: लेबलं लॅमिनेट करू नयेत. फोटो काढताना त्यावर अशी चकाकी येते की दिवे कितीही तिरके लावा, जात नाही. मागे तिने प्रेमाने दोन मोरांचं लेबल लॅमिनेट करून आणलं होतं. त्या दिवशी मी पोट बिघडल्याचं सांगून जेवलो नव्हतो. पोट ठीक होतं.

३. फोटो काढायचं सामान, म्हणजे जुन्या एन्लार्जरच्या खांबाचा स्टँड, दोन दिवे आणि छोटा आरसा, हेही मनालीला. कॅमेरा लेबलाला समांतर आहे का ते पाहायला लेबलाच्या जागी आरसा ठेवावा. लेन्सला स्वतःचं तोंड बरोबर मधोमध दिसलं की झालं. अ‍ॅपर्चर आठवर ठेवावं. स्वयंपाकघरात मिक्सर चालू असताना शटर दाबू नये, आणि मिक्सर बंद कर असं आईला सांगण्याच्या फंदात तर मुळीच पडू नये. लेन्सवर फिरवून बसवायची स्वस्तातली भिंगं जावई अभिरामराव यांना. मोबाईलच्या फोटोला ‘एकदम शार्प’ म्हणणाऱ्या माणसाला ती पुरतील.

४. अगदी जवळून फोटो काढायची माझी खरी मॅक्रो लेन्स मेहुणा कमळाकर यशवंत काकडे, राहणार कळंबोली, याला.

इथे खुलासा करणं भाग आहे. माझ्या निवृत्तीच्या समारंभात कमळाकरने मला एक झूम लेन्स भेट दिली. तिच्यावर ‘मॅक्रो’ असं छापलेलं होतं. मी लगेच एका लेबलाचा फोटो काढून पाहुण्यांसमोर टीव्हीवर लावला: मधला हत्ती झकास, चारही कोपरे धुक्यात. कमळाकर म्हणाला, “दाजी, आमी काय दिलं ते बघा ना, कोपरे काय बघताय?” मी म्हणालो, “सपाट वस्तूत कोपरेच बघायचे असतात.” तेव्हापासून तो या घरात आलेला नाही.

माझं म्हणणं आजही बरोबर आहे. कागद जवळून टिपायचा तर कडेपर्यंत सारखी स्पष्ट राहणारी खरी मॅक्रोच हवी. झूमवर नुसतं नाव छापून भागत नाही. पण संग्रहातली निम्मी लेबलं कमळाकरनेच ट्रक ड्रायव्हरांकडून मागून आणलेली आहेत, हेही तितकंच खरं. भाऊबीजेला जयमाला एकटी कळंबोलीला जाते आणि परत आल्यावर म्हणते, “तुमच्या त्या कोपऱ्यांपायी माझा भाऊ तुटला.” मलाही त्याची फार आठवण येते. हे कायद्याच्या भाषेत कसं लिहायचं ते वकीलबाईंना ठाऊक नव्हतं, म्हणून असंच लिहिलं.

५. कलम चार रद्द. ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये, असा वकीलबाईंचा सल्ला आहे. आणि मला साक्षीदार कमळाकरच हवा. साक्षीदाराला घरी यावं लागतं, समोर बसावं लागतं, मला सही करताना बघावं लागतं. तेव्हा या मृत्युपत्राने कमळाकरला काहीही मिळणार नाही. लेन्स सही झाल्यावर त्याच्या हातात देईन, मी जिवंत असताना.

वरील सर्व मजकूर मीच लिहिला, पुन्हा वाचला, आणि एकही शब्द मागे न घेता खाली सही करतो.

ठिकाण: करंजाडे, नवी मुंबई
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५, रविवार

(सही) जयप्रकाश विठ्ठल धुमाळ

साक्षीदार:

(सही) डॉ. ईश्वरी पोतनीस, याच इमारतीत राहणार

(सही) कमळाकर यशवंत काकडे, कळंबोली

दाजींनी माझ्यासमोर सही केली. लेन्स मिळाली. इतक्या वर्षांत जमलेल्या लेबलांचा डबा सोबत आणला आहे. कोपरे तपासून घ्यावेत. — क. य. काकडे