पांढऱ्या सूटमधली माणसं

१० जानेवारी, खातेगाव

आले एकदाची! धारहून इथवर बसा बदलून बदलून कंबरेचा पार भुगा झाला, पण खोली पाहिली आणि सगळा शीण गेला. वरचा मजला, दोन खिडक्या, भरपूर ऊन. खाली घरमालक राहतात, बरोबर माझ्या खोलीखाली त्यांचं धान्याचं गोदाम. म्हणजे खरं तर मालकीणच, उमाबाई. नवरा विक्रमसिंह पीथमपूरला कारखान्यात असतो, शनिवारी येतो. गहू-सोयाबीनचा सगळा कारभार ही एकटी बघते. स्कूटीवरून मंडीत जाते, आडत्याशी मालवी बोलीत भांडते आणि घरी येऊन माझ्याशी अगदी दरबारी मराठीत बोलते. घराणं देवासच्या राजवाड्याकडचं ना! मी तिला वहिनी म्हणायचं ठरवलं, ती मला ताई म्हणते. सहा वर्षांची कृतिका मात्र घरातही हिंदीच झाडते. आल्या आल्या तिने विचारलं, दीदी, मुर्गी को भी सुई लगती है क्या? लागते म्हटलं, तर बाईसाहेब खूश.

आईचा फोन येऊन गेला. देवळातल्या पुजाऱ्याची मुलगी कोंबड्यांची डॉक्टर झाली, हे तिला अजून पचलेलं नाही. अगं, मी त्या खात नाही, बऱ्या करते, असं सांगितलं. उद्यापासून माधवी मॅडम, सरकारी पशुवैद्य. काय थाट!

१८ जानेवारी

थाट कसला. बसस्टँडमागच्या चिंचेखाली कावळे मरून पडले होते. मग आमच्याच गल्लीत कोंबड्या माना टाकू लागल्या, तुरे निळे पडलेले. दवाखान्यातले माझे मदतनीस गणपतराव आणि मी नमुने घेऊन भोपाळच्या लॅबला पाठवले. गणपतराव म्हणाले, थंडीने मेले असतील मॅडम, टेन्शन नका घेऊ. मी घेतलंय.

२० जानेवारी

बर्ड फ्लूच. सरकारचा नियम स्पष्ट आहे. रोग सापडला तिथून एक किलोमीटरच्या आतला प्रत्येक पाळीव पक्षी मारायचा, अंडी आणि दाणापाणी नष्ट करायचं, पुरून वर चुना टाकायचा. त्यापुढे दहा किलोमीटर नुसती नजर ठेवायची. नियम योग्य आहे. रोग माणसात शिरला तर आवरणं कठीण, हे मी परीक्षेत लिहून चांगले मार्क मिळवलेत. नकाशावर गोल काढला. आमचं घर गोलाच्या आत आलं.

२१ जानेवारी

दिवसभर पांढऱ्या सूटमध्ये होते. डोक्यापासून पायापर्यंत बंद, चष्म्यावर वाफ, आपलाच श्वास कानात. घरोघरच्या कोंबड्या पोत्यात भरल्या. मुआवजा, म्हणजे भरपाई, मिळेल हे सांगून घसा बसला, बायका ऐकून घेत आणि तोंड फिरवत. गावाबाहेर जेसीबीने खड्डा खणला होता. पोती रिकामी केली, चुना टाकला, माती लोटली. सगळ्या मेलेल्या नव्हत्या. हे लिहिणार नव्हते, पण काही हलत होत्या.

घरीही गेलो. वहिनीने आपल्या कोंबड्या स्वतः काढून दिल्या. खड्डा आमच्या मागच्या खिडकीतून दिसतो. कृतिका त्या खिडकीत उभी होती. मी हात हलवला तर किंचाळून पळाली. सूटमध्ये तिने मला ओळखलंच नाही.

२४ जानेवारी

गाव गप्प झालंय. सकाळ होते ती नुसती उजाडते, बस. आणि आज त्या गप्प सकाळी कोंबडा आरवला. एकच, स्पष्ट.

गणपतराव म्हणाले, कान वाजतात मॅडम, या कामानंतर होतं असं. वहिनीला विचारलं. तिने काही ऐकलं नव्हतं. सांगताना मान वर केली नाही.

२५ जानेवारी

भरदुपारी पुन्हा. पायांखालून आला आवाज. जमिनीतून आला असं वाटलं आणि माझ्या हातातला कप पडला. खड्ड्यापाशी जाऊन आले. माती जशीच्या तशी आहे. तिथे उभं राहून रामरक्षा म्हटली. मी! आईला हसणारी मी.

भीती वाटते. सरळ लिहिते, फार भीती वाटते.

२७ जानेवारी

आज आरवताना आवाज फाटला. नंतर घरघर. ती ऐकली आणि जिन्यातच थांबले, कारण ही घरघर मला ठाऊक आहे. मेलेल्या कोंबड्याचा घसा धरत नाही. हा जिवंत आहे, आजारी आहे, आणि माझ्या खोलीखालच्या गोदामात आहे.

शटर अर्धं वर होतं. सोयाबीनच्या पोत्यांत कृतिका बसलेली, मांडीवर तांबडा कोंबडा. त्याच्या चोचीतलं पाणी ती फ्रॉकने पुसत होती.

वहिनीने मग सगळं सांगितलं. गेल्या वर्षी कृतिका इंदूरला व्हेंटिलेटरवर होती. तेव्हा वहिनी कुळदेवीला नवस बोलली, जिवाला जीव देईन. पोर वाचली, कोंबडा राखला. माघी पुनवेपर्यंत त्याला दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये. लागला तर देवी दिलेलं परत नेते.

मी समजावलं, ओरडले, शेवटी रडले. मग वहिनी म्हणाली, सकाळी न्या. मी कृतिकाला अंघोळ घालून वर निजवलं. टीम उद्या येते.

२८ जानेवारी

टीम आली. कोंबडा नव्हता. वहिनीने पुनवेची वाट न बघता पहाटेच नवस फेडला. मी झोपेत असताना पोरीला उचलून नेलं. यांच्यात ज्याच्यासाठी नवस, त्यानेच पक्षी मांडीवर धरायचा असतो. मग कपाळाला त्याच रक्ताचं बोट.

कृतिकाच्या पापणीवरही वाळलं होतं. मी पुसलं. नुसत्या हातांनी.

आरोग्य खात्याला कळवलं. गोळ्या आल्या, कृतिकाला आणि मला. वहिनी हसून म्हणाली, आता कशाला?

३१ जानेवारी

कृतिकाला ताप. श्वास भराभर चालतोय. तिच्या गोळ्या तुळशीच्या कुंडीत सापडल्या, सगळ्या. उद्या आरोग्याची टीम तिला इंदूरला नेणार, सूट घालून. वेळेवर पोचली तर वाचेल. तेवढं वहिनीच्या पाया पडून सांगितलं.

ती शांतपणे म्हणाली, "ताई, पांढऱ्या कपड्यातली माणसं आजारी जिवाचं काय करतात, ते मी आणि माझ्या पोरीनं खिडकीतून पाहिलंय."

१ फेब्रुवारी

कृतिका घरात नाही. वहिनी म्हणते, वडिलांकडे धाडली. विक्रमसिंहांना फोन केला — ती तिथे नाही. ते निघालेत. मला ताप आहे. छाती दुखते.

त्याच दिवशी

गोदामाचं शटर खाली. कुलूप. आतून खोकला —

वहिनी शटरला पाठ लावून बसलीय. किल्ली मुठीत. टीम परत गेली की उघडीन म्हणते. दोनदा झटापट केली, माझ्यात जोर नाही. शेजारी गच्चीवरून बघतात, कुणी उतरत नाही. गणपतराव कटर आणायला गेलेत. टीमची गाडी वाटेतल्या कन्नौदपर्यंत आली म्हणे.

मी शटरवर टकटक करते. ती आतून टकटक करते. म्हणजे आहे. देवा, आहे अजून.

लिहिते, नाहीतर वेड लागेल —

टकटक केली. उशिरा उत्तर आलं. एकच.

खोकला ऐकू येत नाही आता.

पुन्हा केली. वहिनीने तोंडावर बोट ठेवलं. म्हणते, झोपली.

झोपली नाही, वहिनी. किल्ली — मी पुन्हा वाजवते. कृतिका, मी आहे गं, दीदी, सूट नाही घातलेला, बघ, मी पुन्हा —