उन्हातलं टेबल

४ मार्च

ती. दादास,
शि. सा. न.

तुझं मनगटी घड्याळ दुरुस्तीला पोचलं. दिवसाला दहा मिनिटं मागे पडतंय. तुझ्यासारखंच आळशी झालंय. पण उघडायला वेळ लागेल. जानेवारीच्या शेवटी एका जुन्या घड्याळाची स्प्रिंग उसळली आणि माझ्या उजव्या बुबुळावर ओरखडा पडला. नेमकं तेव्हाच डोळ्याला लावायचं भिंग काढून ठेवलं होतं. चार दिवसांत भरायची जखम पाच आठवडे झाले तरी भरेना. शेवटी डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, तर ड जीवनसत्त्व जवळजवळ नाहीच. डोळ्यावरची जखम भरून यायला त्याची मदत होते असं संशोधनात दिसू लागलंय, पण सगळा दोष त्याच्यावर टाकता येणार नाही, असं त्या म्हणाल्या. थेंबांसोबत आता गोळ्याही आहेत. उन्हात कधी जाता, असं त्यांनी विचारलं. आमची ही म्हणाली, उजाडताच दुकानात आणि अंधारात घरी, ऊन यांना ऐकूनच माहीत.

तू मनाला लावून घेऊ नकोस. काचेतून आलेल्या उन्हाचा उपयोग नसतो म्हणे. म्हणजे तुझ्या जागी खिडकीजवळ बसलो असतो तरी तेच झालं असतं. तुझं टेबल रोज पुसतो.

लेकीकडे सुखात राहा, आणि धाकट्याची आठवण ठेव.

तुझा,
धाकटा

१० मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. काचेचं तू माझं मन राखायला लिहिलंस. ती खिडकी मी तीस वर्षांत दिवसा कधी लावली नाही. सकाळभर पाठ शेकत बसायचो, आणि तू कपाटामागे ट्यूबलाइटखाली. मी थोरला, म्हणून उजेड माझा.

मी इकडे आलो तेव्हा तू विचारलं होतंस, टेबलाचं काय करू. मी लिहिलं, राहू दे, मी येतोच आहे. खोटं होतं रे ते. हात तेव्हाच थरथरायला लागले होते. तू तिथे बसलास की माझं काम संपलं हे कबूल करावं लागलं असतं, म्हणून तीन वर्षं एक रिकामी खुर्ची अडवून ठेवली. आणि तू वेडा, माझा शब्द पाळत बसलास. फार लाज वाटते.

आजच तिथे बस. खिडकी उघडी ठेव. माझ्यावर माया उरली असेल तर डोळा कसा आहे ते खरं खरं लिही.

दादा

२ मे

ती. दादास,
शि. सा. न.

खरं लिही म्हणालास, म्हणून लिहितो. जखम भरली, पण बुबुळावर पांढरा डाग राहिला, त्या डोळ्याने बारीक दिसत नाही. गोळ्या आधी मिळाल्या असत्या तर राहिला नसता का, असं मी विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ते कुणालाच सांगता येणार नाही. तेव्हा आपल्यामुळेच झालं, असं तूही स्वतःला सांगत बसू नकोस.

आता तुझ्या टेबलावर बसतो. पाठ छान शेकते. इतकी वर्षं एकट्यानेच मजा मारलीस की! भिंग डाव्या डोळ्याला लावून पाहिलं, पण हात अजून उजव्याचंच ऐकतात. भिंतीवरची मोठी घड्याळं जमतात, मनगटावरची नाहीत.

तू टेबल का सोडत नव्हतास ते आता कळलं. मीही तुझं घड्याळ महिनाभर समोर ठेवून बसलो, उद्या उघडू म्हणत. ते या पत्रासोबत परत पाठवतोय, न उघडता. तिकडच्या एखाद्या चांगल्या कारागिराला दाखव.

लोभ आहेच, तो कुठे जातोय.

तुझा,
धाकटा